माझ्या ड्रॉवरमधले बारा चार्जर

२ जून
नवीन वही. ऑफिसातली निरीक्षणं शांत डोक्याने लिहायची, असं ठरवलंय.
आम्ही इमारतींचे नकाशे काढतो. म्हणजे ते काढतात, मी त्यांची यंत्रसामग्री सांभाळतो. आज एक नवीन बाई रुजू झाली. पहिल्याच दिवशी खिडकीजवळचं टेबल. मला चौदा वर्षांत खिडकी मिळाली नाही. तक्रार नाही.
तिच्या पर्समधून एक चार्जर निघाला. शंभर वॉट, चार पोर्ट, साबणाच्या वडीएवढा. सगळ्यांना दाखवायची काही गरज नव्हती.

३ जून
माझ्या ड्रॉवरमध्ये बारा चार्जर आहेत. पंचेचाळीसचे पाच, पासष्टचे पाच, मोठ्या मशीनसाठी एकशेतीसचे दोन. नंबर एक माझा. बाकी अकरा जण रोज सकाळी येतात, मी ज्याच्या त्याच्या लॅपटॉपला झेपेल तेवढ्या वॉटचा देतो, ते रजिस्टरमध्ये सही करतात, दोन मिनिटं घरचं सांगतात. कामात फार व्यत्यय येतो.
आज नऊच आले. बरं झालं.

५ जून
चार.

६ जून, सकाळी ११.२०
टायपिस्ट काकूसुद्धा तिकडे, खिडकीजवळ! चार पोर्ट सगळे आळीपाळीने वापरतात. त्यांचं मशीन पंचेचाळीसचं. त्याला शंभर लावलं तर जळेल, असं मी सगळ्यांसमोर बजावलं. शंभर वॉट (त्या बाईचं नाव यापुढे हेच) हसून म्हणाली की लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. काकूंनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी ६
जळलं नाही. उद्या जळेल.

९ जून
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुमच्या पोटात दुखतंय का. म्हटलं, छे, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग जेवून घ्या. जेवण गेलं नाही.

१० जून
प्रयोग. माझ्या पंचेचाळीसच्या लॅपटॉपला एकशेतीसचा चार्जर लावला. आग विझवायचं नळकांडं मांडीवर घेऊन दोन तास पहारा दिला. काहीही झालं नाही. निष्कर्ष : माझा लॅपटॉप मुळातच दणकट आहे. इतरांचं सांगता येत नाही.

१२ जून
लंबूच्या मुलीचा हात मोडून आठवडा झाला. मला आज कळलं, आणि तेही शंभर वॉटकडून! लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच ड्राफ्ट्समन. त्याला मुलगी झाली तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा मला सांगितलं होतं त्याने, चार्जर नंबर अकरा घेताना. आणि ही बाई आल्याला दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत.
मी जळलो नाही. आश्चर्य वाटलं, इतकंच.

१३ जून
शोध लागला! चारही पोर्ट भरले की ते शंभर वॉट वाटले जातात. पहिल्याला पंचेचाळीस, मग वीस, वीस, शेवटच्याला जेमतेम पंधरा. पंधरावर लंबूचं अवाढव्य मशीन चालू ठेवलं तर वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. शिवाय एक वायर काढली-घातली की सगळ्यांचं चार्जिंग क्षणभर तुटतं.
योजना : आपणच तिथे जाऊन बसायचं. लॅपटॉप एका पोर्टात, मोबाइल दुसऱ्यात. वॉट खायचे.

१६ जून
दिवसभर तिच्या टेबलाशी होतो. मोबाइल चाळीस वेळा काढला-घातला. दर वेळी सगळ्यांचे स्क्रीन डोळे मिचकावल्यासारखे करत होते. कोणाला संशय नाही.
तिने माझ्यासाठी चहा आणला. काहीतरी हेतू असणार. चहा चांगला होता. लंबूने मुलीचा एक्स-रे दाखवला. बाकीच्यांना आधीच दाखवून झाला होता, पण माझ्यासाठी परत काढला.
उद्याही जायला हवं. योजनेचा भाग म्हणून.

१८ जून, दुपारी ३.३०
मोठं गिऱ्हाईक आलं होतं. नकाशे लंबूच्या मशीनवर, मशीन शेवटच्या पोर्टावर, बॅटरी एक टक्का. मी फक्त मोबाइल लावला. लिफ्टचा नकाशा उघडला आणि स्क्रीन काळी. साहेब ओरडले. शंभर वॉटचा चेहरा उतरला. चूक आपलीच, असं ती साहेबांना म्हणाली. मी मोबाइल काढून खिशात घातला.
मग सगळे उठले आणि माझ्याकडे आले! आठवडाभर अर्धपोटी राहिलेले सगळेच लॅपटॉप धापा टाकत होते. रांग लागली! मी बसल्या जागेवरून वाटप केलं. घाईत कोणी सही केली नाही, घरचंही सांगितलं नाही. शंभर वॉटनेही एक नेल्यामुळे पंचेचाळीसचे संपले, तेव्हा उत्साहाच्या भरात काकूंना माझा नंबर एक देऊन टाकला.

५.४०
विजय. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. चार्जर घेतल्यावर सगळे परत तिच्याच टेबलाशी गेले. तिने आठ प्लगांचे दोन एक्स्टेंशन बोर्ड मागवले आहेत.

१९ जून
चार्जर परत द्यायला कोणी आलं नाही. विचारायला गेलो तर लंबू म्हणाला की रोज कशाला ने-आण करायची, इथेच राहू देत. साहेबही म्हणाले की बरोबर आहे. मला वाटलं होतं, शंभर वॉट तरी माझी बाजू घेईल. ती घेत होती, पण तिचं कोणी ऐकलं नाही.
ड्रॉवर उघडून बघितला. बंद केला. परत उघडला.

२० जून, सकाळी ११
माझ्याकडे कोणी नाही. तिकडे हसतायत. कशावर, ते इथे ऐकू येत नाही.
मला हेवा वाटतो. लिहून टाकलं. ही वही कोण वाचणार आहे?
लॅपटॉप तीन टक्के.

११.४५
गेलो. तिच्या टेबलापुढे उभा राहिलो. तिने खुर्ची सरकवली आणि विचारलं, कितीचा देऊ.
म्हटलं, कोणताही चालेल.