शनिवारचा संदर्भ

आई, तुझी लेखी परवानगी हवी आहे. हसू नकोस. जर्नलवाल्यांनी मागितली आहे, आणि आज संध्याकाळी पाचच्या आत द्यायची आहे. आता अडीच वाजलेत. शुक्रवार आहे, गल्लीतले सगळे लूम बंद आहेत, भिवंडीतलं हे आपलं कामतघर कान बधिर झाल्यासारखं शांत आहे आणि मला पाच मिनिटं खुर्चीत धड बसवत नाही. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा ओट्यावरच विसरले.

तीन दिवस मी संदर्भांच्या यादीशी मारामारी करते आहे. हा काय प्रकार असतो ते तुला सांगते. आपण लेखात जे म्हणतो ते कुणाकडून घेतलं, हे शेवटी ओळीनं लिहायचं. एवढंच. पण त्याचे नखरे बघितले असतेस तर कपाळावर हात मारला असतास. आडनाव आधी, मग नावाचं पहिलं अक्षर, त्यापुढे टिंब नको. जर्नलचं नाव तोडून लिहायचं, पण आपल्या मनानं तोडायचं नाही. आधीच्या जर्नलला कंसात साल हवं होतं. त्यांनी लेख परत पाठवला, आणि या नव्यांना आकडे हवेत. मधला एक संदर्भ काढला की खालचे सगळे आकडे सरकतात. कॉम्प्युटर ते आपोआप करतो म्हणे. माझ्या कॉम्प्युटरनं सतरा नंबर दोनदा छापला आणि अठरा गिळून टाकला. तू कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचीस, तेव्हा सूत तुटलं की गाठ मारून पुढे जायचीस. इथे गाठ चालत नाही बाई, पहिल्यापासून सगळी कांडी परत भरा.

लेख तुमच्यावरच आहे. कांड्या भरणाऱ्या बायकांची छाती सुताच्या धुळीनं कशी धरते, त्याच्यावर. या दुखण्याची एक खूण पुस्तकात दिलेली असते: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग पुढे पुढे मोकळी होते. पुस्तकं लिहिणाऱ्यांची सुट्टी रविवारी, म्हणून त्यांच्या पुस्तकात सोमवार. मी त्यांची तयार प्रश्नावली उचलली, छान मराठी-हिंदी करून घेतली आणि कारखाने पालथे घातले. सोमवारी छाती आवळते का? बायका म्हणायच्या, न्हाय, सोमवारी कशाला? मी टिक करत जायची: नाही, नाही, नाही. भिवंडीत जन्मले, जुम्म्याच्या सुट्टीवर वाढले, आणि इथले कारखाने शुक्रवारी बंद असतात हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले. एवढी शिकले ती कशाला, कुणास ठाऊक.

आणि शिरलं ते तुझ्यामुळे. एका दुपारी निजामपुऱ्यातल्या कारखान्यात बसले होते, समोरची बाई खोकली आणि मला तू दिसलीस. मोरीच्या कठड्याला धरून उभी, पदर तोंडाशी, केसांत कापसाचे पांढरे तंतू. मी विचारते, काय झालं? आणि तू श्वास जमवून म्हणतेस, "काय न्हाय गं, शनवार हाय ना. शनवारी धरतंच. सोमवारपत्तुर सुटल." किती वेळा ऐकलं असेन मी ते, दर आठवड्याला. मी तिथल्या तिथे प्रश्नावलीत सोमवार खोडून शनिवार घातला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "हां मॅडम, सनीचर को तो जान निकलती है." मग रकाने भरायला लागले. अख्खा लेख त्या एका बदललेल्या शब्दावर उभा आहे.

आता लेख तपासणाऱ्यानं विचारलं आहे: सोमवारच्या जागी शनिवार कशावरून घेतला? संदर्भ द्यावा. कसला देऊ? हे कुठे छापलेलं नाही. मी नियम वाचले. छापलेलं नसेल, कुणी तोंडी सांगितलं असेल, तर त्याला व्यक्तिगत संवाद म्हणायचं. ते यादीत येत नाही, त्याला आकडा मिळत नाही. मजकुरातच कंसात नाव आणि तारीख. वर त्या माणसाची लेखी परवानगी जोडायची. म्हणजे इथेही तुला रांगेत जागा नाहीच, आणि दारात उभं राहायचं तर चिठ्ठी हवी. संताप आला मला. मग आमच्या विभागप्रमुख मॅडमना फोन केला. त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत. म्हणाल्या, एवढं काय त्यात, "लेखकांचे निरीक्षण" असं लिही आणि मोकळी हो. लेखक तूच आहेस ना?

परवानगीचा नमुना मी छापून घेतला. नाव लिहिलं. पदाच्या पुढे कांडी कामगार लिहिलं. संस्थेच्या पुढे काय लिहू, म्हणून पेन चावत बसले. सही तर मला तुझी येते. विहारातल्या वर्गात तू सही शिकलीस, तरी माझ्या प्रगतिपुस्तकावर ती मीच ठोकायची, हे तुला ठाऊक होतं. आत्ताही रद्दी कागदावर करून बघितली, हुबेहूब आली. भीती वाटली आणि कागद फाडला. तुला जाऊन सोळा वर्षं झालीत, मृत्यूच्या दाखल्यावर दमा लिहिलेला आहे, आणि मी तुझी सही गिरवते आहे.

पण अडले ते सहीपाशी नाही. खालच्या रकान्यात विचारलं आहे, हा संवाद कधी आणि कोणत्या प्रसंगी झाला. तो प्रसंग मला लख्ख आठवतो. मी अकरावीत. शनिवारी संध्याकाळी माझा क्लास असायचा आणि शनिवारीच तुझ्यानं भाकऱ्या होत नसायच्या. तू कठड्याला धरून ते "शनवार हाय ना" म्हणालीस आणि मी परात आपटली. म्हटलं, "काल दिवसभर आराम केलास, मग आजच कसं दुखतं? ढोंग करतेस तू." तू पीठ मळायला बसलीस. एक भाकरी थापायला तुला दोनदा थांबावं लागलं, मी बघत होते, आणि भाकरी खाऊन क्लासला गेले. आराम केल्यावरच दुखतं, हीच तर त्या दुखण्याची खूण, आई. कॉलेजात असताना पुस्तकात वाचली तेव्हा पहिल्या बाकावर बसून मी ती सगळ्यांच्या आधी पाठ केली होती, आणि तेव्हाही तू मला आठवली नाहीस.

तुझ्याशी बोलता बोलता मघाशी मध्येच उठले होते. साडेचारला लेख पाठवून दिला. सगळे आकडे जुळले, टिंबं गेली, अठरा नंबर सापडला. शनिवारच्या पुढे कंसात "लेखकांचे निरीक्षण" लिहिलं. मॅडमना सांगितलं की नियमात बसत नव्हतं. ते खरं नाही. बसवता आलं असतं, तपासणाऱ्याला दोन ओळी लिहून सगळं सांगता आलं असतं. पण मग तू सांगितल्यावर मी काय म्हणाले, तेही लिहावं लागलं असतं.