मधला चमचा

मंगळवार, ९ सप्टेंबर

ती. आई,

साष्टांग नमस्कार घालायला आता माझी कंबर ऐकत नाही, तेव्हा वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमची नात परीक्षा संपल्यापासून डाराडूर झोपते आहे. स्वयंपाकघरातला नळ शेवटी मीच दुरुस्त केला, कारण प्लंबर 'येतो येतो' म्हणत महिनाभर आलाच नाही. कारखान्यात एका हॉटेलच्या खुर्च्यांना नव्या गाद्या बसवायचं काम आलंय. दिवसभर काथ्या, कापड आणि खिळे.

तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही. विचारलं की उत्तर वन्सं देतात.

म्हणून तर फोन सोडून पत्र लिहायला बसले. फोन त्यांच्याच हातात असतो. 'आई बरी आहे, तिला त्रास देऊ नकोस,' हे ठरलेलं वाक्य. मागून तुमचा आवाज येत असतो, शब्द शोधत, अडखळत. तो शब्द सापडायच्या आत फोन बंद. आजारात तुमचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. डोकं कुठेही गेलेलं नाही, पण त्या घरात हे कुणाच्या गावीही नाही. तुमच्या नातीला बजावून ठेवलंय की पत्र आजीच्या हातातच द्यायचं. वन्संनी वाचलं तरी चालेल म्हणा. थोडं त्यांच्यासाठीही आहे.

गेल्या आठवड्यात नातीबरोबर ओव्हनमधला मका पाठवला होता. दुसऱ्या दिवशी भांडं परत आलं, वर वन्संचा निरोप: 'आईने तोंडही लावलं नाही. आता हे पाठवणं बंद कर, बरं दिसत नाही. रविवारी तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मका आम्ही करू.'

आम्ही करू! म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बाजारच्या पत्र्याच्या डब्यातला मका आणि वर मूठभर साखर. तुम्ही म्हणायचात, 'गोडी कणसात असली तर असते, नसली तर साखर घालून त्याची लाज काढू नये.' माझ्या पहिल्यावहिल्या मक्यात मी चमचाभर साखर घातली होती, तेव्हा भरल्या टेबलावर तुम्ही म्हणालात, 'केक छान झालाय हो.' मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. त्यानंतर आजतागायत साखरेच्या डब्याला हात लावलेला नाही. दाणे सुरीने उतरवते, मग सुरी उलटी धरून कणीस खरवडते, कारण खरं दूध तिथे असतं. अंडी, लोणी, मीठ घालून सारं भांड्यात ओतते, ओव्हनमध्ये ते घट्ट बसतं. आणि एकदा ओव्हनचं दार लावलं की उघडून डोकावायचं नाही.

तर ते परत आलेलं भांडं. चिडूनच झाकण काढलं. कडा जशाच्या तशा होत्या, खमंग, तांबूस. पण बरोबर मध्ये खळगा!

आई, अख्खं जग मका कडेने कापून घेतं. मध्ये चमचा घालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. 'शिजलाय का ते मधल्यालाच ठाऊक,' असं म्हणून. खळगा वाकडातिकडा होता, आजूबाजूला मका सांडलेला. डाव्या हाताला अजून सवय नाही ना. आणि एक चमचा नव्हे, चांगले तीन-चार गेले होते. मी ओट्याशी उभी राहून खूप हसले. मग रडले.

आता मनातलं बोलते. तुमच्या चिरंजीवांनी मला घटस्फोटाचा कागद दिला, मी बॅग भरली, तेव्हा तुमची जीभ शाबूत होती. तुम्ही दारात उभ्या होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. हे मक्याचं भांडं तेवढं माझ्या पिशवीत सरकवलंत. भांडं दिलंत, शब्द नाही दिलात. मला त्याचा राग होता, अजून आहे. लेकाला सोडून माझी बाजू घ्या असं मी म्हणत नव्हते. नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाला असतात, तरी मी गेलेच असते, पण ताठ मानेने गेले असते.

ते जाऊ दे. नाही, जाऊ देत नाही, म्हणूनच हे लिहिते आहे.

आमच्या कारखान्यातल्या सुताराकडून एक पाट करून घेतलाय. मधोमध जाडजूड खिळा उभा केलाय. कणीस त्यात रोवलं की हलत नाही, एका हाताने खरवडता येतं. मी स्वतः उजवा हात पाठीमागे धरून डाव्याने करून पाहिलं. पहिल्या कणसाचं दूध भिंतीवर उडालं, दुसरं जमलं. तुम्ही माझ्या गुरू, तुम्हाला पहिलंच जमेल.

तेव्हा रविवारी मी मका घेऊन येणार नाही. कणसं घेऊन येणार, पाल्यासकट, आणि हा पाट. करायचा तुम्ही. मी भांड्याला लोणी लावेन आणि शिव्या खाईन. चिरंजीवांना अवघड वाटत असेल तर त्यांनी तेवढा वेळ बाहेर फिरून यावं.

मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने येईन. वन्संनी दार उघडलं की म्हणेन, 'आईंना विचारा.' आणि उंबऱ्याबाहेर उभी राहीन. तुम्हाला 'ये' म्हणायला कितीही वेळ लागू दे, मला घाई नाही. एकच अक्षर आहे. मी नको असेन तर 'नको' म्हणा, मात्र ती दोन अक्षरं आहेत, कष्ट जास्त पडतील. काय ते तुमच्या तोंडून ऐकेन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी परत फिरणार नाही.

तुमची
सून

(हा शब्द कुणाला खटकला तर त्यांनी माझ्याकडे बघू नये. तुम्हाला विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.)