थप्प वाजलेला बोल्ट

प्रिय ताई,

सातवी नापास माणसाचं पत्र आहे, चुका पोटात घाल. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहायला बसलो.

काल एका म्हातारीकडे गेलो होतो. तिचा एसी वीस वर्षांचा, माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटा. ठेवू की काढू, म्हणून विचारत होती. जाळी धुतली, कॉइल साफ केली, पाणी जायची नळी फुंकून मोकळी केली, गॅस बघितला. गडी ठणठणीत! मग बाहेरच्या युनिटच्या स्टँडवर बाबांसारखी पान्याची टिचकी मारली. आठवतं ना? "बोल्ट ठण्ण वाजला तर जिवंत, थप्प वाजला तर मेलेला." इथली कामावरची पोरं मला टकटक्या म्हणतात. एकेक बोल्ट मी तीनतीनदा वाजवतो. ठण्ण आलं तरी मला थप्पच ऐकू येतं, आणि पाठीमागे बाबा खाकरतात. वळून बघावं तर कुणी नसतं.

काल मात्र खरंच थप्प वाजलं. म्हातारीला म्हणालो, मशीन चालेल अजून, पण स्टँड बदलल्याशिवाय त्यावर कुणाला पाय ठेवू देऊ नका. "बरं झालं बाळा, सांगितलंस," म्हणाली. मी जिन्यात बसून रडलो.

दाजी उन्हाळ्याआधी आपला जुना एसी स्वतः धुणार म्हणालीस. मी फोनवर त्यांना म्हटलं, माझं पत्र येईपर्यंत थांबा. तर हसले, "काय मेहुणे, एसी धुवायला मुहूर्त लागतो होय? स्टँड तर तुमच्याच हातचा!"

ताई, बाबांनी मला त्याच स्टँडचे गंजके बोल्ट बदलायला सांगितले होते. मला मित्रांकडे पळायचं होतं, तू भिंगरी म्हणायचीस ते उगाच नाही. गंजावर रंग फासला आणि बदलले म्हणून सांगितलं. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांचं काम वाजवून बघत आले, त्या दिवशी मात्र नाही वाजवलं. पोराचं काम होतं ना. सगळे अजून म्हणतात, बाबा चक्कर येऊन तिसऱ्या मजल्यावरून पडून गेले. चक्कर नव्हती गं, पायाखालचा स्टँड सुटला. निसटलेला बोल्ट मीच मागाहून ठोकून आत घातला, वर पुन्हा रंग दिला, आणि इकडे निघून आलो.

दाजींना चढू देऊ नकोस. खोटं वाटलं तर खिडकीतून हात काढून डावीकडच्या बोल्टवर पाना वाजव. तुलाही ऐकू येईल.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
भिंगरी