पोटाला मानवणारा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईला ब्लड प्रेशर दाखवायला घेऊन गेलो. शहात्तर वर्षांची आहे, एकटी कशी सोडणार. मी एकाहत्तर, म्हणजे घरातला तरुण माणूस मीच. तिचं प्रेशर उत्तम निघालं. डॉक्टरीणबाईंकडे वेळ उरला असावा, कारण त्यांनी मग मला काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. मागच्या वर्षी अठ्ठावन्न होतो. नंतर म्हणाल्या, हात न टेकता खुर्चीतून उठा, बसा, परत उठा, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते बघू. तीन वेळा जमलं. खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड होता. चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या आहेत, लेव्हल डोळ्यांनाच कळते. तसं सांगितलं. त्यांनी कागदावर तीनच लिहिलं.

माझे रक्ताचे रिपोर्टही त्यांच्या टेबलावर होते. ताईनेच गेल्या आठवड्यात काढायला लावले होते. किडनी ठीक, साखर ठीक. स्नायू झडताहेत. जेवण वाढवा, अंडी खा, दही खा आणि जोडीला प्रोटीन पावडर घ्या, असा सल्ला. पोट नाजूक आहे म्हणून पाव चमच्यापासून सुरुवात करायची, पाण्यातून. आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर काढून टाकलेलं प्रोटीन, मिळालं तर बरं. डब्यावरची घटकांची यादी जितकी छोटी तितकं चांगलं.

संकल्प : मार्चअखेर सहा किलो.

परत येताना बसमध्ये ताईने विचारलं, घाबरलास का. नाही. वाईट वाटलं का. नाही. खरं तर हल्ली काहीच वाटत नाही. मन खंबीर झाल्याचं हे लक्षण आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई माझ्याकडे राहते त्याला वर्ष झालं. ही, म्हणजे माझी बायको, गेल्यावर दोन महिन्यांनी ताई आली. तिकडे एकटी पडली असती, म्हणून मीच तिला ठेवून घेतलं. स्वयंपाक, भाजी, वीजबिल, सगळं ती बघते. काम नसलं की तिला करमत नाही, म्हणून करू देतो.

दुकानात गेलो. विक्रेत्याचे दंड माझ्या मांडीएवढे. ‘पहिलवान’ म्हणू त्याला. त्याने विचारलं, कोणासाठी घेताय काका? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग लहान डबा दाखवायला लागला. मी सर्वांत मोठा घेतला, चॉकलेट फ्लेव्हर. डब्यावरच्या माणसाला मान नाही, खांद्यांवर थेट डोकं. यादी तेवीस घटकांची. यादी मोठी म्हणजे माल भरपूर.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ९. पाव चमचा हा सामान्य पेशंटसाठी असतो. डॉक्टर लोक धोका पत्करत नाहीत. आम्हीही लिफ्टवर आठ माणसं लिहायचो आणि मशीन बारांचं असायचं. या हिशेबाने दोन चमचे, पूर्ण ग्लास दुधातून. चव गोड. पोट शांत.

९.५०. अजून शांत.

१०.२०. हालचाल.

११.४०. आलो.

११.४५. परत जातो आहे.

दुपारी ३. ताईने साखर-मिठाचं पाणी दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल एका दिवसात वजन आठशे ग्रॅमने उतरलं. निष्कर्ष : माल हलका. ताई म्हणाली, बाई पाव चमचा म्हणाल्या होत्या. तिला मशीनच्या क्षमतेचं तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

डबा फेकायला काढला होता. संध्याकाळी पाहिलं तर स्वयंपाकघरात, तिच्या चहाच्या डब्याशेजारी.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिलवानाकडे तक्रार नोंदवली. तो म्हणाला, काका, दूध सोसत नसेल तर वनस्पतीचं घ्या, मटाराचं. हा डबा हिरवा. वर ‘शुगर फ्री’ आणि ‘डबल फायबर’ असे दोन गोल शिक्के. दोन्ही चांगल्याच गोष्टी. या वेळी संयम ठेवला आहे, एकच चमचा. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी असेल असं पहिलवान म्हणाला होता. मला तसं काही जाणवलं नाही. चव जाणवलीच नाही. जिभेला सवय होतेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोट फुगलं आहे. पँटचं वरचं बटण लागत नाही. सकारात्मक बाजू : आरशात माणूस भरलेला दिसतो.

मुलीचा परदेशातून फोन आला. प्रोटीन सुरू केलंय, तब्येत सुधारतेय, असं सांगितलं. तिने फोन ताईला द्यायला लावला. ताई फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं. बायकांच्या गप्पा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आमचे जुने चीफ वारले. ऑफिसच्या हॉलमध्ये शोकसभा. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, रोज पोहायचे. फोटोला हार, पुढे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि दोन मुलं. पोहण्याने काही होत नाही हे मी त्यांना पूर्वीच सांगितलं होतं.

सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. माझ्याकडून ती शांतता पाळली गेली नाही. पहिल्या मिनिटातच पोटातून जुन्या लिफ्टच्या दोरासारखा आवाज निघाला. लांबत गेला. मी खोकलो. खोकल्याने दाब वाढतो, हे लक्षात घ्यायला हवं होतं. दुसरा आवाज पोटातून आला नाही.

कोणी वळून पाहिलं नाही, फक्त वहिनींचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटलं. त्या हसत होत्या. नंतर मला येऊन भेटल्या. म्हणाल्या, आठ दिवसांत पहिल्यांदा हसले हो, ते असते तर खाली बसले असते हसून. एवढं बोलून रडायला लागल्या, चांगल्या मोकळ्या.

त्यांच्याकडे बघत राहिलो. हिच्या वेळी मी रडलो नव्हतो. लोक कौतुकाने म्हणाले होते, किती धीराचा माणूस.

हिरवा डबा बंद. शुगर फ्री म्हणजे साखरेऐवजी जे घालतात त्यानेही गॅस होतो, आणि डबल फायबर म्हणजे डबल. हे शिक्क्यात लिहीत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई दोन्ही डबे संपवते आहे. अन्न टाकवत नाही, म्हणते. चॉकलेटचं सकाळी, हिरवं संध्याकाळी, पाव-पाव चमचा पाण्यातून, घोट घोट. तिला काहीही त्रास नाही. या वयात उपयोग तर शून्य, पण तिचं समाधान होतंय तर होऊ दे. माझ्या प्रयोगात तिला मोजत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अखेर तो डबा सापडला. आयसोलेट. फ्लेव्हर नाही, शुगर फ्री नाही, शिक्का नाही. यादीत दोनच घटक. पहिलवान म्हणाला, हा पहिल्या दिवशीच देत होतो, काका. मला तसं आठवत नाही. मीच पंधरा दिवसांच्या अभ्यासातून इथवर आलो.

सकाळी पाव चमचा पाण्यात मिसळला. ग्लास समोर ठेवला.

दुपारी १२. ग्लास समोर. प्यायची इच्छा नाही. पण नकोसाही वाटत नाही. ग्लास आहे, मी आहे. शेवटी सिंकमध्ये ओतला. ठेवून ठेवून खराब झाला असता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रोज सकाळी ग्लास तयार करतो. वेळ पाळतो. दुपारी सिंक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आठवड्याचा आढावा. फुगणं : नाही. गॅस : नाही. जुलाब : नाही. पोटाची एकही तक्रार नाही. आयसोलेट मला पूर्णपणे मानवलेलं आहे.

जेवायला बसतो तेव्हा ताई बघत असते. मी पोळी मोडतो, तुकडे ताटभर पसरतो, म्हणजे जेवल्यासारखं दिसतं. तिने आज विचारलं, काय खावंसं वाटतं ते सांग, करून देते. बराच विचार केला. नाव आठवेना. म्हटलं, काहीही चालेल.

४ मार्च, मंगळवार

बाथरूममध्ये नळाखालचा नट गळतो. तपासायला खाली बसलो. नट तपासला. मग उठायचं होतं.

सकाळी ९.३० पासून वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या. बादलीला धरून (बादली सरकते). भिंतीला धरून (टाइल गुळगुळीत). गुडघ्यावर येऊन (गुडघा ऐकत नाही). ताई भाजीला गेली होती. दहाच्या सुमारास प्रयत्न थांबवले. फरशी थंड होती. भीती वाटायला हवी, असं मनात आलं. ती येण्याची वाट पाहिली, आली नाही. म्हणजे भीती. ताई अकराला आली.

दारात उभी राहून तिने एकदा बघितलं. ओरडली नाही. पिशवी खाली ठेवली, मागून येऊन काखेत दोन्ही हात घातले आणि म्हणाली, “ऊठ.”

मी उठलो. म्हणजे तिने उठवलं, एका दमात, गादी उभी करतात तसं. उचलण्याचा कोन मात्र मी तिला तोंडी सांगत होतो.

१० मार्च, सोमवार

ताईने अपॉइंटमेंट घेतली होती. स्वतःच्या नावाने नाही, माझ्या. आयसोलेटचा डबाही पिशवीत घातला होता.

वजन पन्नास किलो चारशे. खुर्ची : दोन वेळा. खुर्ची बदललेली होती, पाय सारखे होते, तेव्हा त्याबद्दल काही बोललो नाही. डॉक्टरीणबाईंनी गंमत म्हणून ताईला बसवलं. बारा वेळा. तेराव्याला त्यांनीच थांबवलं, पुरे म्हणाल्या. ताईला धापही लागली नाही. पदराने चष्मा पुसत बसली.

मग बाईंनी डबा उघडला. जवळजवळ काठोकाठ भरलेला. मी म्हटलं, हा पोटाला अगदी मानवला आहे. त्यांनी डबा हलवला, माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. विचारलं, सकाळपासून काय खाल्लं. चहा. काल? आठवेना. शेवटची भूक कधी लागली होती? मी हिशेब करायला लागलो. फेब्रुवारी नाही, जानेवारी नाही. दिवाळखोर माणसासारखा मागे मागे जात राहिलो, तर थेट हिच्या आजारपणापर्यंत पोचलो. पंधरा महिने, असं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “तुमच्या पोटाला काही झालेलं नाही. पत्नी गेल्यापासून तुम्ही जेवतच नाही आहात. हे दुःख आहे.”

मी म्हटलं, “नाही हो. मला दुःख वगैरे काही नाही. मला काहीच वाटत नाही.”

“तेच म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या.

एका समुपदेशकाचा नंबर दिला. गुरुवारी जायचं आहे. जाईन, माणूस शिकलेला असेल तर. आयसोलेट पाव चमचाच, पण प्यायचं. आणि ताईसमोर जेवायचं.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा ताईने सांगितलं. वर्षापूर्वी मुलीने तिला फोन केला होता, की बाबा जेवत नाहीत, आत्या, तू जा. तिने घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारी दिली आणि आली. म्हणाली, तुला वाटत होतं ना की तू मला सांभाळतोस, मग म्हटलं असू दे.

बस आली. तिने हात दिला. तो धरून चढलो.

१३ मार्च, गुरुवार

समुपदेशकाकडे गेलो. पंचवीस-सव्वीसची मुलगी आहे. तिने हिच्याबद्दल विचारलं. मी हिची जन्मतारीख, नोकरीची वर्षं आणि शेवटचे रिपोर्ट सांगितले. मुलगी म्हणाली, छान, आता एखादी अशी गोष्ट सांगा जिचा तुम्हाला राग यायचा. म्हटलं, ही चहा नेहमी गार करून प्यायची, आणि मग परत गरम कर म्हणायची. दिवसातून चार-चार वेळा. इथे नाक पुसावं लागलं. खोलीत ए.सी. जास्त होता.

१७ मार्च, सोमवार

पाव चमचा, पाण्यातून, घोट घोट. ताई समोर बसून असते, संपेपर्यंत उठत नाही. आठ मिनिटं लागतात. पोट शांत, या वेळी खरोखर. वजन आहे तिथेच. बाई फोनवर म्हणाल्या, घटलं नाही हीच मोठी गोष्ट. संकल्पाबाबत सध्या काही लिहीत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी जेवताना चमचा तोंडात घातला आणि थांबलो. सूपमध्ये मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. ताईला तसं सांगितलं, जरा कडक शब्दांतच. स्वयंपाकाकडे लक्ष राहिलेलं नाही तुझं, आता वयोमानाने विसरायला होतं, समजू शकतो. पण पहिल्या घासाला पकडलं की नाही? तपासनीस तो तपासनीस.

ताई चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावला. म्हटलं, अगं, एवढं लावून घेऊ नकोस.

ती म्हणाली, डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुझं सगळं अळणी करतेय. माझ्यापुरतं मीठ वरून घेते. तुला कधी कळतं ते बघत होते.

कितवा दिवस, विचारलं.

अकरावा.

मीठ घातलं. वाटी संपली नाही, पण अर्ध्याच्या खाली गेली.