बाळारामची भिंत आणि माझा काटकोन

नवघर, भाईंदर (पूर्व)
फेब्रुवारी १९७३

ती. महिपतराव यांच्या चरणी धाकटा साडू धर्माजी याचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकतो का? दुर्गाताईंचा दमा थंडीत फार बळावला नसेल, अशी आशा. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खुशाल फक्त गिरणी आहे.

आमच्या शालूला आठवीत भूमिती आली म्हणून तिला कंपासपेटी घेतली. दुकानात पावणेतीन रुपये पडले. पण खरी किंमत सांगतो: पावणेतीन रुपये, अधिक विहिरीचं गोडं पाणी, अधिक शेजारी बाळारामशी इतक्या वर्षांचं बोलणंचालणं, अधिक तुमच्या मेहुणीचा अबोला. पेटीत रबर नव्हतं, ते वेगळं घ्यावं लागलं.

झालं असं, की त्या पेटीबरोबर भूमितीचं पुस्तक आलं आणि ते मी वाचलं. (मी चौथीत शाळा सोडली ती भांडून, कंटाळून नाही.) फार खरं पुस्तक आहे, महिपतराव. दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन सारखे असतात, असं त्यात आहे. म्हणजे तुम्ही आणि मी. दोन बहिणींमुळे समोरासमोर आलो, पण माप एकच. एका रेषेवर शेजारी शेजारी बसलेले दोन कोन मिळून एकशेऐंशी भरतात, असंही आहे. एक वाढला की दुसऱ्याला तेवढंच कमी व्हावं लागतं. हे वाचून मी गोदूकडे बघितलं. लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं असणार.

पुढे समांतर रेषांचा धडा आला आणि माझी झोप गेली. समांतर रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखं असतं. मी उठून खिडकीतून आमच्या बोळाकडे बघितलं. माझी डावी भिंत आणि बाळारामची भिंत यांच्यामध्ये तो बोळ आहे. रस्त्याच्या तोंडाला दोन माणसं सहज जातील. मागे विहिरीकडे जाता जाता एकालाही खांदे तिरके करावे लागतात. नऊ वर्षं मी त्या बोळातून जातोय, आणि नऊ वर्षं मला वाटत होतं की माझं पोट वाढतंय!

आता माझं घर तर तुम्हाला माहीत आहे. राजापुराहून एका पिशवीनिशी आलेल्या माणसाने पिठाची गिरणी चालवून बांधलेलं घर. पायाभरणीला गवंड्याच्या हातातून सूत काढून घेऊन मी स्वतः धरलं. चार कोपरे, चारही काटकोन; अख्ख्या नवघरात असं दुसरं घर दाखवा, गिरणी तुमच्या नावावर करतो. (फरशीवाल्याने डाव्या भिंतीच्या कडेला निमुळते तुकडे बसवले होते, पण तो चोर होता. त्याचे पैसे मी कापले.) तेव्हा मागच्या बाजूला सरकलंय कोण, हे उघड आहे.

तरी अन्याय नको म्हणून शास्त्राने तपासलं. बोळात एक बांबू आडवा बांधला. पुस्तकात त्याला छेदिका म्हणतात. दोन्ही भिंतींशी होणारे आतले कोन कोनमापकाने मोजले. बेरीज एकशेऐंशी यायला हवी, आली नाही. बाळाराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. म्हणाला, "काय शेठ, बोलाला ताप आला का? नलीनं बघताय!" (ळ त्याच्या जिभेवर बसत नाही; बोळ तो बोल, नळी ती नली.) चोरी पकडली जाताना माणूस विनोद करतो, हे मी गिरणीवर रोज बघतो.

शंका घ्यायला आणखी दोन कारणं आहेत. बोळाच्या तोंडाशी बाळारामच्या घराण्याचा देव आहे. शेंदूर फासलेला धोंडा, नाव ते लोक मोठ्याने घेत नाहीत. दर वर्षी त्याला नैवेद्य दाखवला की पहिलं ताट आमच्या घरी येतं. स्वतःचे भाऊ सोडून राजापूरकराला पहिलं ताट? उगाच कोणी कोणाला पापलेटचा मधला तुकडा देत नाही. दुसरं, माझे कान. (दळणात खडा असला तर जात्याच्या आवाजावरून मला घरात बसून कळतं.) परवा विहिरीवर बाळारामची बायको कमळाबाई हळूच म्हणाली, "जागा गेली ती गेली. तुज्या मालकाला कलू नको देऊस गो, मनाला लावून घेल." आणि गोदू म्हणाली, "मी कशाला सांगते?" महिपतराव, माझी स्वतःची रेषा तिकडून जोडलेली!

विचारलं तर गोदू म्हणते, "दोन भिंती जुळत नाहीत, तर वाकडी त्यांचीच कशावरून?" आता सूत धरलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं? मी बांबू सोडला नाही. त्याच्याखालून हंडा घेऊन वाकावं लागतं, म्हणून ती लांबच्या विहिरीचं मचूळ पाणी आणते आणि तेच मला पाजते. दोन दिवस चहा खारट आहे.

उद्या सकाळी बोळाच्या तोंडाशी खांब पुरून कुंपण घालतो आणि पंचायतीत अर्ज देतो. तुम्ही जन्मभर सरकारी मोजणीत साखळी ओढलीत. पत्र मिळताच साखळी घेऊन गुपचूप या. बाळारामने विचारलं तर गुडघा दाखवायला आलो म्हणा.

तुमचा आज्ञाधारक,
धर्माजी

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. सकाळी देवाच्या बाजूला खड्डा घ्यायला पहार उचलली, तर गोदूने ती हातातून ओढून घेतली. म्हणाली, "तिथे खणायचं नाही. एकदा तुमची खुंटी हलवली, आता पहार विहिरीत टाकीन." मग सगळं सांगितलं: पायाभरणीच्या पहाटे ती पूजेचं पाणी आणायला गेली, तर पुढच्या डाव्या कोपऱ्याची माझी खुंटी बरोबर देवाच्या पुढ्यात, नैवेद्याच्या जागी. तिने कमळाबाईला विचारलं, खुंटी उपटली, रस्त्याच्या ओळीतच आमच्या बाजूला दोन हात आत ठोकली आणि वर हळदकुंकू वाहिलं. मग मुहूर्तावर मी सूत धरलं. हळदकुंकवाची खुंटी कोण तपासतो? बाळारामची भिंत त्याच्या आज्याच्या वेळेपासून जिथे होती तिथेच आहे. पहिलं ताट कशाचं ते आता कळलं.

ता. क. २. साखळी आणू नका, देवाला नारळ आणा. बांबू सोडलाय. बाळारामला सांगितलं, की विहिरीवर टाकायचा पत्रा बोळातून जाईल का, ते मोजत होतो. तेव्हा खरं काम असं, की पत्रा किती लागेल ते तुम्ही पोस्टकार्डावर कळवा. पोस्टमन कार्ड मोठ्याने वाचतो, म्हणून अक्षर ठळक काढा. पत्र्याचा खर्च माझा. फरशीवाल्याचा पत्ता शोधतोय.

ता. क. ३. गवंड्याचा गुण्या लावून चारही कोपरे आज तपासले. काटकोन दोनच आहेत.