आमटी एकाकडे, भाकरी दुसऱ्याकडे

आप्पा,

स्वयंपाकघरातला तो रविवार तुमच्या लक्षात असेल का, कोण जाणे. नव्वद-एक्याण्णव साल असावं. गगनबावड्याकडचे दोघे सख्खे भाऊ आले होते, शेताच्या बांधावरून चार वर्षं कोर्टात भांडणारे. एकाचे वकील तुम्ही, आणि दुसऱ्याला त्याच्या वकिलाच्या कानावर घालून तुम्हीच बोलावलेलं. शाहूपुरीतल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं ऑफिस, पण तडजोडीला आलेल्यांना तुम्ही तिथं कधीच बसवलं नाहीत. सरळ आत, जमिनीवर, आईच्या शेगडीसमोर. मी तेव्हा दहा वर्षं तुमच्या हाताखाली वकिली करत होते, तरी माझ्यातली कॉन्व्हेंटची मुलगी पक्षकारांना असं पाटावर बसवलेलं बघून जराशी लाजायचीच. तुमची रीत ठरलेली. आमटीचं पितळी पातेलं एकासमोर, भाकरीची वेताची बुट्टी दुसऱ्यासमोर, आणि घरातल्या कुणी वाढायचं नाही. बुट्टी थोरल्याकडे होती. तो कोरडी भाकरी चावत होता आणि धाकटा नुसती आमटी पीत होता.

"बांध ह्येनं सरकिवलाय, वकीलसाहेब," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

"आन ह्येची म्हस माझ्या उसात शिरती, ते न्हाय सांगत."

"भाकरी गार हुत्यात, पावणं," तुम्ही म्हणालात.

थोरल्यानं आणखी दोन कोरडे घास चावले. शेवटी थोरल्याच्या घशाला कोरड पडली असावी. भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला, "आमटी सरकीव की हिकडं. का तिच्यावरबी स्टे आणलायस?"

तुम्हाला ठसका लागला. आई तोंडाला पदर लावून परसात पळाली. धाकट्यानं पातेलं सरकवलं आणि म्हणाला, "घे. आन भाकरी टाक दोन." चार वर्षांत त्या दोघांचं एकमेकांशी एवढंच बोलणं झालं होतं, आणि बांध त्यानंतर तासाभरात मिटला.

त्याच आठवड्यात तुम्ही मला रागावलात. एका प्रकरणात मी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटले, दोघांना धीर दिला, दोघंही खूश होऊन गेले, आणि मी ते तुम्हाला मोठ्या अभिमानानं सांगत होते. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "एकेकट्याला भेटायचं ते त्येचं ऐकायला. दोघास्नी एका जागी बसवल्याबिगर कुणाला कायबी द्यायचं न्हाय. न्हायतर तू तडजोड करत न्हाईस, उद्याचं भांडण पेरतीयास." तुमच्या तोंडचं 'पेरतीयास' मला अजून ऐकू येतं.

आणि मग तुम्हीच ते केलंत, आप्पा. एका दुपारी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालात, "ही खोली तुझी. हितंच बस, हितनंच काम कर. तुझ्या धाकट्या भावाला मी सांगतो." मी खाली वाकून नमस्कार केला. किल्ली गार होती, तळहाताला आजही जाणवते. पुढच्या पावसाळ्यात, आईच्या पाठोपाठ, तुम्ही गेलात. आयुष्यभर लोकांना कागद करून दिलेत, आपल्या घराचा मात्र केला नाहीत. तेराव्यानंतर भाऊ म्हणाला, "आक्का, आप्पांनी सगळं घर मला दिलंय." त्याच्या बायकोसमोर मी त्याला खोटारडा म्हटलं. त्यानं दावा लावला.

दावा चालू असतानाच पंधरा-सोळा वर्षांनी आमच्या कोर्टात मध्यस्थी केंद्र सुरू झालं. मी शिकून मध्यस्थ झाले. गोल टेबल, चहा, आधी एकेकटं, मग एकत्र. शिकवणारे सांगत होते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तिथं बोललेलं बाहेर न्यायचं नाही, कोर्टातसुद्धा नाही, हा पहिला नियम मी कितीजणांना समजावून सांगितला असेल. एक दिवस न्यायाधीशांनी आमचाच दावा तिथं पाठवला. मध्यस्थाच्या खुर्चीत माझी सहकारी होती आणि मी समोर, पक्षकार म्हणून.

भावाचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याकडे न बघता बोलला. "मी खोटं बोलत न्हाय, आक्का. आप्पा हौदाजवळ हात धूत हुते. म्हणाले, घर तुझं. आक्काला मी सांगतो."

'आक्काला मी सांगतो.' तुमचाच आवाज होता तो. त्या क्षणी मला कळलं की तो खरं बोलतोय. मीही खरं बोलत होते. तुम्ही दोघांनाही दिलं होतंत, एखाद्या रविवारी आम्हाला समोरासमोर बसवायचं ठरवून, आणि तो रविवार आलाच नाही. एवढं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. शाळेत पेन्सिल पडली तरी सॉरी म्हणायला शिकलेली मी, टेबलावरच्या चहाच्या सायीकडे बघत गप्प बसले. सहकारिणीनं अहवालात लिहिलं, तडजोड झाली नाही. त्याचे शब्द त्या खोलीबाहेर जाणार नव्हते. माझ्याच नियमाच्या आड मी लपले.

कोर्टानं कुणाचाच शब्द मानला नाही. निम्मं निम्मं म्हणाले, आणि घर निम्मं होत नव्हतं, म्हणून ते विकलं गेलं. तुमच्या ऑफिसात आता मोबाईलचं दुकान आहे. भाऊ हातकणंगल्याला राहायला गेला आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारला. मी गेले तेव्हा भावजयीनं मला पाणी दिलं, बोलली नाही. रोज मी लोकांना समोरासमोर बसवते, रोज कुणीतरी रडत एकमेकांचा हात धरतं. मला आता त्यांच्याकडे बघवत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमच्यानंतर दुसरं ज्याला लिहायला हवं होतं, तोही राहिला नाही. माझ्या कपाटातच ठेवते. माझ्या माघारी कुणी उघडलंच तर एवढं करा. आप्पांच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली भावाच्या मुलीला द्या, ती कायदा शिकते आहे. कपाट माझ्याकडेच आहे, ते न्यायला तिला या घरी, माझ्या लेकीकडे, यावं लागेल. शाहूपुरीचं घर आवरताना पातेलं आणि बुट्टी दोन्ही मी गुपचूप उचलून आणली होती. पातेलं तिला. बुट्टी माझ्या लेकीला. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, तो दोष माझा. दोन्ही वस्तू एकीला देऊ नका.