पंचेचाळीस, पण कशाचे?

पिंपरी,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी जावई रंगनाथ याचा नमस्कार. (साष्टांग समजावा. आपण समोर असता तर खरोखरच आडवा झालो असतो, कारण तालमीतल्या बैठकांनी मांड्या अशा धरल्या आहेत की वाकून उठणं जमत नाही, आडवं होणं जमतं.) मामींचा गुडघा आता कसा आहे? म्हैस व्यायली का? रेडकू पारडी असेल तर मामींचं अभिनंदन आणि रेडा असला तरी अभिनंदनच. लहानसहान गोष्टींचा आनंद साजरा करावा या मताचा मी आहे, हे आपण जाणताच. त्या मतापायीच आज हे एवढं लांब पत्र लिहायची वेळ आली आहे.

गेल्या आठवड्यात आपल्याला माझ्याकडून तीन गोष्टी पोचल्या असतील. आधी एक कार्ड, ज्यात मी ‘फत्ते झाली, सौ.ला पाठवायला हरकत नाही’ असं लिहिलं होतं. मग अर्धा शेर पेढ्यांचं पार्सल. (सातारा जिल्ह्यातल्या माणसाला चिंचवडचे पेढे पाठवायचे म्हणजे धाडसच, पण हातून झालं खरं.) आणि शुक्रवारी संध्याकाळी तार, ‘थांबा वजन कमी’. तार करणाऱ्या बाबूने शब्दाला पैसे पडतात असं सांगितल्यामुळे कोणाचं वजन, कशाला थांबा, हे त्यात बसवता आलं नाही. तार आली म्हटल्यावर मामींनी आधी रडून घेतलं असेल आणि मग ती कोणाकडून तरी वाचून घेतली असेल. त्यांची मी क्षमा मागतो. आपण मात्र रडला नसाल, रागावला असाल. पण मामा, या तीन गोष्टींचा एकमेकींशी मेळ कसा बसतो हे ज्याने त्या पाठवल्या त्यालाच अजून नीट कळलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो, सांगता सांगता मलाही कळलं तर बरं.

दिवाळीत आपण ओट्यावर पान लावता लावता म्हणालात, ‘जावईबापू, आधी कायम झाल्याचा कागद, मग मुलगी.’ आपलं म्हणणं वावगं नव्हतं. तात्पुरत्या नोकरीच्या माणसाकडे कोण मुलगी नांदायला पाठवील? मी मान हलवली आणि एस.टी.त बसून परत आलो. आता आमच्या डब्यांच्या कारखान्यात असा नियम आहे की वर्ष भरलं की कंपनीचे डॉक्टर तपासतात, ते ‘फिट’ असं लिहून देतात आणि मग कायमचा कागद मिळतो. ते लिहून मिळालं नाही तर फेब्रुवारीअखेर नाव कमी. जानेवारीत माझी पाळी आली. डॉक्टरांनी मला एका नव्या चकाकत्या काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, ‘बेचाळीस. निदान पंचेचाळीस तरी पाहिजेत. सहा फेब्रुवारीला परत या.’ पंचेचाळीस कशाचे, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण त्या वेळी माझी जीभ डॉक्टरांच्या हुकमावरून बाहेर होती आणि ती आत घ्यायला त्यांनी सांगितलं तोवर पुढचा माणूस काट्यावर चढला होता.

मी फार घाबरलो. कारण आदल्याच रविवारी पुणे स्टेशनवरच्या यंत्रात एक आणा टाकून मी वजन केलं होतं आणि तिकिटावर साडेब्याण्णव छापून आलं होतं. चार दिवसांत माणूस साडेब्याण्णवाचा बेचाळीस कसा होतो? माझी विजार तर तशीच बसत होती. मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, स्टेशनवरचे ते पौंड, डॉक्टरांचं ते सरकारी नवं माप, नवा शेर म्हण हवं तर. हे ऐकून जीव भांड्यात पडला. शेर म्हणजे आपलं ओळखीचं काम. तीन शेर वजन वाढवायचं, एवढंच.

मग मी कामाला लागलो. माझी घरमालकीण कौशल्याबाई (इथल्या जुन्या शेतकरी घरातली, दारात दोन म्हशी, मनाने मोकळी, तोंडानेही मोकळी) हिच्याकडे सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा शेर दूध लावलं. अंग भरावं म्हणून कोंडाजी वस्तादांच्या तालमीत जाऊ लागलो. आणि दुधाचा खर्च निघावा म्हणून कारखान्याची बस सोडून चालत जाऊ लागलो. अशा तिन्ही आघाड्यांवर रोज काही ना काही यश येऊ लागलं. पहिल्या दिवशी अकरा बैठका निघाल्या, तेव्हा तालमीतल्या सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. आठवडाभर बसमध्ये पाऊल टाकलं नाही, तेव्हा शिफ्टमधल्या मंडळींना शेंगदाण्याची चिक्की दिली. दूध सलग दहा दिवस पचलं, त्या दिवशी केळी वाटली. मामा, आमच्यासारख्यांच्या आयुष्यात मोठे प्रसंग वर्षातून एखादे येतात. त्यांची वाट पाहत बसलं तर तोंड गोड व्हायचंच नाही. म्हणून जे हाती येईल ते साजरं करावं. पण यात एक खोच होती ती माझ्या लक्षात आली नाही. आपल्याकडे ज्याचं यश, त्याने वाटायचं, आणि वाटणारा स्वतः हात आखडता घेतो. माझ्या वजनाच्या नावाने आमची अख्खी दुसरी शिफ्ट गुटगुटीत झाली. शेवटी कौशल्याबाईच म्हणाल्या, ‘आवो रंगराव, सोळा जनांच्या तोंडात गूळ घालताय, तुमच्या तोंडात कोन घालनार? चालून चालून पोटऱ्या सुकल्यात, त्यात त्या बैठका. म्हशीला बी एवढं पळवलं तर ती दूध द्यायची न्हाई.’ मी हसलो. त्यांना व्यायामाचं शास्त्र काय ठाऊक, असं मला वाटलं. आता तेही नक्की वाटत नाही.

एक फेब्रुवारीला, म्हणजे तपासणीच्या पाच दिवस आधी, मी दत्तोबांच्या धान्याच्या दुकानात गेलो. दत्तोबांचा पोती तोलायचा मोठा तराजू आढ्याला टांगलेला असतो. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो (पारडं डुलत होतं, मी डोळे मिटून घेतले), दुसऱ्यात दत्तोबांनी मणाचं वजन टाकलं, मग पाच शेर, मग एक शेर, आणि शेवटी अर्धा. काटा मधोमध उभा राहिला. साडेसेहेचाळीस शेर! पाहिजेत पंचेचाळीस, आणि वर दीड शेर आगाऊ! दत्तोबांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, गिऱ्हाइकं गोळा झाली, कोणी नारळ आणला, तो माझ्या हाताने फोडवला. कौशल्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मामा, खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो कायमच्या कागदाचा नाही. हे सौ.ला कधी एकदा सांगतो असं झालं. लग्नाला दीड वर्ष झालं, आणि मला आनंद झाला की तो सांगायला ती जवळ नसते, मी नारळ फोडणाऱ्या लोकांमध्ये उभा असतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं आणि पेढे पाठवले. घाई झाली, हे कबूल करतो.

सहा तारखेला छाती पुढे काढून काट्यावर चढलो. डॉक्टर म्हणाले, ‘त्रेचाळीस पूर्णांक चार. दीड-पावणेदोन कमी आहेत.’ मी म्हटलं, साहेब, पुन्हा बघा, साडेसेहेचाळीस आहेत. ते म्हणाले, कोण म्हणतं? मी म्हटलं, दत्तोबा म्हणतात. डॉक्टरांना दत्तोबा कोण ते माहीत नव्हतं. म्हणून मी धावत जाऊन दत्तोबांनाच घेऊन आलो. (या धावण्यात आणखी किती शेर गेले असतील ते देव जाणे.) दत्तोबा दुकान तसंच टाकून, एक शेराचं वजन पिशवीत घालून आले. फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी तपासली आणि वजन कशाला म्हणून विचारलं, तेव्हा दत्तोबांनी ‘साक्षीला’ असं उत्तर दिलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी वजन घेतलं, औषधं तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, ‘हे पाहा, तुमचा शेर नऊशे तेहेतीस ग्रॅमचा. आमचा किलो हजाराचा.’

दत्तोबांना यात अपमान दिसला. ते म्हणाले, ‘माजा शेर कमी न्हाई. तुमचा किलो जास्त हाय. तीन पिढ्या ह्या वजनानं गाव जेवतंय. सरकारनं माप बदललं म्हून मानूस हलका व्हतो व्हय?’ डॉक्टर म्हणाले, माणूस तेवढाच राहतो, आकडा बदलतो. दत्तोबा म्हणाले, मग आकड्यापायी गड्याची नोकरी का जाते? यावर डॉक्टरांनी पेन उचललं. मग त्यांनी माझ्या कागदावर वीस फेब्रुवारी अशी नवी तारीख लिहिली आणि म्हणाले, ही शेवटची.

परत येताना दत्तोबा मला समजावत होते की मी हरलो नाही आणि डॉक्टरही खोटे नाहीत. रात्री मी पाटी घेऊन बसलो. पौंडांत मी साडेब्याण्णवाचा साडेपंच्याण्णव झालो. शेरांत मी केव्हाच पास आहे. किलोत मी नापास आहे. तिन्ही खरं आहे म्हणतात. मामा, म्हणजे मी नक्की जिंकलो की हरलो? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाला तीन पौंड लागले, ते कष्टाने लावले, आणि ते साजरे करावेत की नाहीत हे सांगणारं कोणी नाही. वर प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. मुकादम म्हणतो, वीस तारखेला सकाळी दोन डझन केळी खा, वर तांब्याभर पाणी पी आणि काट्यावरून उतरेपर्यंत बोलू नकोस. कोंडाजी वस्ताद म्हणतात, बैठका वाढव. कौशल्याबाई म्हणतात, बैठका बंद कर. मी सगळ्यांना हो म्हटलं आहे.

एवढं मात्र मला स्पष्ट कळतं की मला भीती वाटते. नाव कमी झालं तर परत गावी यावं लागेल, आणि आपल्या ओट्यासमोरून खाली मान घालून जावं लागेल. तेव्हा सौ.ला वीस तारखेपर्यंत आपल्याकडेच ठेवावं, कार्ड आलंच नव्हतं असं समजावं आणि पेढे संपले नसतील तर खावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला पाठीवर थाप.

आपला आज्ञाधारक जावई (तात्पुरता नव्हे, नोकरी तात्पुरती),
रंगनाथ

ता. क. : मामींनी एक शेर तूप कोणाबरोबर पाठवल्यास उपकार होतील. शेर आपल्याकडचाच असू द्यावा, नव्या मापाची चौकशी करू नये.

आणखी ता. क. : वरचं पत्र सकाळी लिहून झालं होतं. पाकिटाला खळ लावायला कौशल्याबाईंकडे गेलो तर त्यांच्या ओसरीवर ट्रंकेवर बसून सौ. चहा पीत होती. मी तिला नमस्कार केला, तेव्हा ती हसली. कार्ड वाचून आलीस का, असं विचारलं तर म्हणाली, ‘कार्ड वाचून कशाला येऊ? तेव्हा तर सगळं ठीक होतं. तार वाचून आले. वजन कमी लिहिलं होतं ना?’ आपल्याला ती साताऱ्याला मावशीकडे जाते असं सांगून निघाली, हे तिने मला आत्ता सांगितलं. मावशींकडे चौकशीला माणूस पाठवला असल्यास परत बोलवावा. ती सुखरूप आहे. एस.टी.त तिला खिडकीजवळ जागा मिळाली होती. आपण तिच्यावर रागावू नये. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवावं, मला सवय आहे. आणि तिला न्यायला येऊ नये, ही खरी विनंती. बाकीचं पत्र तुपासकट विसरलात तरी चालेल.

शेवटचा ता. क. : सौ.ने हे सगळं वाचलं. म्हणाली, ‘बाबांना एवढं लांब कशाला? एक ओळ पुरे होती.’ दुपारपासून तिने तालीम बंद केली आहे, वाटणं बंद केलं आहे, उद्यापासून बसने जायचं असं ठरवलं आहे, आणि जेवताना मी नको म्हणेपर्यंत आणि नंतरही ती ताटात वाढत होती. वीस तारखेला मी पंचेचाळीस झालो नाही तर काय, असं मी भीत भीत विचारलं. तिने ट्रंक उघडून लुगडी खुंटीवर टांगायला घेतली आणि ‘मग दुसरी नोकरी बघू’ एवढंच म्हणाली. तेव्हा मामा, कंपनीत माझं काय व्हायचं ते होवो. या खोलीत एक जण आज दुपारपासून कायम झालं आहे, आणि तिने कोणाकडे कागद मागितला नाही.